स्फोटाचा धक्का आणि प्लेटमधल्या पेशी: नाशिकमध्ये पहिला प्रयोग उभा करताना

देवळालीच्या तोफखाना तळाच्या बाजूने येणारा तोफांचा आवाज नाशिककरांना नवा नाही. लांब राहणाऱ्याच्या घराची फार तर खिडकी थरथरते. पण तोफेशेजारी उभ्या असलेल्या जवानाच्या डोक्यातून हीच दाबलहर प्रत्येक फेरीला आरपार जाते. कवटी शाबूत आहे, कुठे खरचटलेलंही नाही, तरी माणूस गोंधळतो, विसरतो, झोप उडते. हे कोडं पहिल्या महायुद्धापासूनचं. १९१५ मध्ये चार्ल्स मायर्स यांनी वैद्यकीय लेखनात 'शेल शॉक' हा शब्द वापरला, आणि इराक-अफगाणिस्तानच्या युद्धांनंतर तो विषय पुन्हा ऐरणीवर आला. लहर मेंदूतून जाते तेव्हा एकेका पेशीचं नेमकं काय होतं, हे जिवंत माणसात बघता येत नाही. म्हणून पेशींची मॉडेल्स लागतात.

हा लेख जीवतंत्रज्ञान, सूक्ष्मजीवशास्त्र, औषधनिर्माणशास्त्र शिकणाऱ्या आणि साधी कल्चर रूम हाताशी असलेल्या विद्यार्थ्यांसाठी आहे. बायोसेफ्टी कॅबिनेट, कार्बन डायऑक्साइड इन्क्युबेटर, उलटा सूक्ष्मदर्शक आणि प्लेट रीडर एवढं असलं की सुरुवात होते.

दाब मारत नाही, ओढाताण मारते

नव्या माणसाला वाटतं, दाब वाढवला की पेशी चिरडतील. तसं होत नाही. पेशी म्हणजे बहुतांशी पाणी, आणि पाणी दाबलं तरी जवळजवळ दबत नाही. पाण्याचा आयतन स्थितिस्थापकता गुणांक सुमारे २.२ गिगापास्कल आहे. २०० किलोपास्कलची लहर आली, म्हणजे वातावरणाच्या दाबावर आणखी दुप्पट दाब चढला, तरी पाण्याचं आकारमान दहा हजारांत एका भागाने कमी होतं. चारी बाजूंनी सारखा दाब पडला तर पेशीला त्याचं फारसं काही वाटत नाही.

इजा होते ती दाब सारखा नसतो तिथे. ऊतीचा एक थर दुसऱ्यावर सरकला, पडदा ताणला गेला, द्रवात बुडबुडा फुटला किंवा भांडंच हललं, की पेशी फाटतात. म्हणून या क्षेत्रात खरा प्रश्न 'किती दाब दिला' हा नसून 'पेशीपाशी काय पोहोचलं' हा असतो. पुढची प्रत्येक पायरी याच प्रश्नासाठी आहे.

कोणत्या मॉडेलने सुरुवात करावी

तीन वाटा आहेत. पहिली ओरखड्याची: २०० मायक्रोलिटरच्या निर्जंतुक टिपने पेशींच्या थरावर उभ्याआडव्या रेघा ओढायच्या. खर्च नाही आणि हात बसतो. पण ही कापल्याची जखम आहे, स्फोटाची नव्हे. तिचा उपयोग मोजणीच्या पद्धती तपासायला करावा.

दुसरी ताणाची. पेशी सिलिकॉनच्या पातळ पडद्यावर वाढवायच्या आणि खालून किंवा वरून हवेचा झटका देऊन पडदा फुगवायचा. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पद्धतीत हा झटका ५० मिलिसेकंदांचा होता आणि आजची बरीच उपकरणं त्याच धर्तीवर आहेत.

तिसरी शॉक ट्यूबची. तीत खरीखुरी दाबलहर तयार होते.

आमचा सल्ला असा: पहिले दोन महिने ओरखडा आणि मोजणी, मग ताण, आणि शॉक ट्यूब शेवटी. थेट ट्यूबवर उडी मारणाऱ्यांना आलेला आकडा लहरीचा की बुडबुड्याचा, हे वर्ष उलटलं तरी सांगता येत नाही.

पेशी आणणे आणि वाढवणे

सुरुवातीला एसएच-एसवाय५वाय ही मानवी न्यूरोब्लास्टोमाची पेशीरेषा घ्या. पुण्यात गणेशखिंडीला राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे, तिथल्या पेशीसंग्रहातून ती मिळते. आधी आपल्या संस्थेच्या जैवसुरक्षा समितीकडे अर्ज करा, कारण या मानवी पेशी आहेत. उंदराच्या गर्भातून प्राथमिक न्यूरॉन काढायचे असतील तर प्राण्यांवरील प्रयोगांच्या संस्थात्मक नीती समितीची परवानगी लागते. तिला वेळ लागतो, म्हणून तो अर्ज आजच टाका.

पेशी वाढत्या स्थितीत फ्लास्कमधून आणायच्या असतील तर फ्लास्क मानेपर्यंत मीडियमने भरून मागा. अर्धवट भरलेला फ्लास्क चाकणपासून सिन्नरपर्यंत हिंदकळत आला तर पेशी निम्म्या सुटलेल्या मिळतात. थर्माकोलच्या खोक्यात ठेवा, बर्फ घालू नका. मे महिन्यात गाडीच्या डिकीत तर मुळीच ठेवू नका. पोहोचल्यावर दोन-तीन तास इन्क्युबेटरमध्ये स्थिर होऊ द्या, मग जास्तीचं मीडियम काढा.

मीडियम: डीएमईएम आणि एफ-१२ समप्रमाणात, १० टक्के फीटल बोव्हाइन सीरम, १ टक्का पेनिसिलिन-स्ट्रेप्टोमायसिन. या पेशी थोड्या तरंगत्या, थोड्या चिकटलेल्या असतात. तरंगणाऱ्या सगळ्या मेलेल्या समजून टाकू नका. पेशी पुढच्या फ्लास्कमध्ये नेताना त्यांनाही सेंट्रिफ्यूज करून घ्या. ट्रिप्सिन दोन-तीन मिनिटं पुरतं. आल्यापासून पंधराव्या पॅसेजनंतर (एका फ्लास्कमधून दुसऱ्यात नेण्याची एक खेप म्हणजे एक पॅसेज) नवी व्हायल उघडा. आलेल्या पहिल्याच बॅचमधून आठ-दहा व्हायल गोठवून ठेवा. द्रव नायट्रोजनची अडचण असेल तर जनावरांच्या कृत्रिम रेतन केंद्रांना कोण पुरवतं ते विचारा, बऱ्याचदा तिथेच सोय होते. मायकोप्लाझ्मा या अतिसूक्ष्म जिवाणूची चाचणी महिन्यातून एकदा करा. ही लागण डोळ्यांना दिसत नाही, मीडियमही गढूळ होत नाही, पण सगळे आकडे हळूहळू बदलत जातात.

२४ वेलच्या, म्हणजे खळग्यांच्या, प्लेटचा हिशेब असा. एका वेलचा तळ १.९ चौरस सेंटिमीटर. दर वेलला २० हजार पेशी, म्हणजे २४ वेलना ४ लाख ८० हजार. पिपेटमध्ये राहणारं धरून दहा टक्के जास्त, ५ लाख ३० हजार घ्या. दर वेलला अर्धा मिलि टाकायचं म्हणून घनता ४० हजार प्रति मिलि आणि एकूण द्रव सुमारे १३.२ मिलि. प्लेट टेबलावर उत्तर-दक्षिण, मग पूर्व-पश्चिम हलवा. गोल फिरवलीत तर पेशी मध्यभागी गोळा होतात.

त्यांना न्यूरॉनसारखं रूप द्यायचं तर दुसऱ्या दिवशी सीरम १ टक्क्यावर आणून रेटिनॉइक आम्ल १० मायक्रोमोलर द्या. १० मिलिमोलरचा साठा डीएमएसओ या द्रावकात करून हजारपट सौम्य केला की डीएमएसओ ०.१ टक्का राहतं. हे आम्ल उजेडाने खराब होतं, त्यामुळे नळीला फॉइल गुंडाळा आणि कॅबिनेटचा दिवा मंद ठेवा. दर ४८ तासांनी निम्मंच मीडियम बदला. सहाव्या-सातव्या दिवशी लांब तंतू दिसायला लागतात. या अवस्थेत पेशी तळाला सैल चिकटलेल्या असतात आणि जोराने सोडलेल्या मीडियमनेसुद्धा सुटतात. म्हणून पेशी टाकण्याआधीच वेलच्या तळाला पॉली-डी-लायसिनचा थर द्या (५० मायक्रोग्रॅम प्रति मिलि, एक तास, मग तीनदा निर्जंतुक पाण्याने धुणं). नीट धुतलं नाही तर उरलेलं लायसिनच पेशींना विषारी ठरतं.

वळवाच्या पावसात वीज जाते हे गृहीत धरून इन्क्युबेटरला यूपीएस लावा. वीज गेली की दार उघडून बघायचा मोह आवरा. बंद दारात आतली ऊब बराच वेळ टिकते.

शॉकच्या दिवसाची तयारी: वेलमधला बुडबुडा

हा भाग दोनदा वाचा.

नेहमीच्या वेलमध्ये खाली अर्धा मिलि मीडियम आणि वर हवा असते. हवेतून आलेली लहर द्रवाच्या पृष्ठभागावर आदळली की तिथे दाब दुपटीहून जास्त होतो, द्रव उसळतो, झाकणावर आपटतो आणि पेशी खरवडल्या जातात. दुसऱ्या दिवशी मृत्यूचं प्रमाण भरघोस दिसतं आणि विद्यार्थी खूष होतो. प्रत्यक्षात मोजली गेली ती खळबळ. म्हणून वेल पूर्ण भरायची, हवेचा थर ठेवायचाच नाही.

भरायचं मीडियम कसं असावं ते बघा. फ्रिजमधल्या थंड मीडियममध्ये हवा जास्त विरघळलेली असते. ते थेट वेलमध्ये भरून ३७ अंशांवर नेलं की साबुदाण्याहून बारीक बुडबुडे भिंतींना चिकटून बसतात. त्यामुळे बाटलीचं झाकण किंचित सैल करून ती रात्रभर इन्क्युबेटरमध्ये ठेवा. सकाळी बाटली टिचकी मारून बघा, कडेला काही चिकटलेलं असेल तर आणखी तासभर थांबा. शॉकच्या वेळी प्लेट इन्क्युबेटरबाहेर, बंद अवस्थेत असते, म्हणून या मीडियममध्ये २५ मिलिमोलर हेपीस हे आम्लता स्थिर ठेवणारं बफर असू द्या. नाहीतर तासाभरात आम्लता बदलते आणि मीडियममधला फिनॉल रेड हा रंग जांभळा पडतो.

मग क्रम असा:

१. प्लेट टेबलावर सपाट ठेवा. पिपेटचं टोक वेलच्या भिंतीला टेकवून मीडियम हळू सोडा. वेलची पूर्ण क्षमता सुमारे ३.४ मिलि आहे. कडेच्या वर फुगवटा येईपर्यंत भरा.

२. सत्तर टक्के अल्कोहोलने पुसून वाळवलेली पातळ फिल्म एका कडेला टेकवा आणि काचपट्टीवर कव्हरस्लिप ठेवतो तशी तिरकी आणत दुसऱ्या कडेला निजवा. सांडलेलं मीडियम टिपून घ्या.

३. प्लेट उलट्या सूक्ष्मदर्शकाखाली नव्हे, आधी नुसत्या डोळ्यांनी खिडकीच्या उजेडात तिरपी धरून बघा. बुडबुडा चांदीच्या टिकलीसारखा चमकतो. मोहरीएवढा दिसला तरी ती वेल वहीत खोडा.

४. भरल्यापासून अर्ध्या तासात शॉक द्या. १७ मिलिमीटर उंच द्रवाखालच्या पेशींना ऑक्सिजन कमी पोहोचतो.

असं भरल्यावर शेजारच्या वेलमधलं मीडियम एकमेकांत मिसळतं. म्हणून एकाच प्लेटमध्ये औषधाचे वेगवेगळे डोस ठेवू नका. डोसागणिक प्लेट वेगळी.

बुडबुडा राहिलाच, तर तो दाबाने आकसतो आणि कोसळताना द्रवाची सुईसारखी धार सोडतो. दुसऱ्या दिवशी पेशींच्या थरात नाण्याने कापल्यासारखा स्वच्छ गोल मोकळा दिसतो, आणि कडेच्या पेशी मात्र टवटवीत. ताणाने झालेली इजा अशी दिसत नाही. त्यात तंतूंवर माळेतल्या मण्यांसारख्या गाठी येतात आणि त्या वेलभर विखुरलेल्या असतात. हा फरक एकदा डोळ्यात बसला की अर्धा घोटाळा टळतो.

शॉक ट्यूब

रचना साधी आहे. एका टोकाला दाबाखालचा वायू भरायची छोटी कुपी, म्हणजे ड्रायव्हर, पुढे लांब नळी, आणि दोन्हींमध्ये पॉलिएस्टर फिल्मचा पडदा. वायू भरत गेलं की पडदा फुटतो आणि लहर नळीतून धावते. फिल्मची जाडी दुप्पट केली की फुटण्याचा दाब साधारण दुप्पट होतो. नळीचा व्यास वाढवला की तो कमी होतो. हेलियम वापरलं तर दाब टिकण्याचा काळ नायट्रोजनपेक्षा कमी होतो. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रा. के. पी. जे. रेड्डी यांनी हाताने दट्ट्या ढकलून चालणारी छोटी शॉक ट्यूब बनवली, ती 'रेड्डी ट्यूब' म्हणून ओळखली जाते. कमी खर्चात सुरुवात करायची तर ती रचना अभ्यासण्यासारखी आहे.

सातपूर किंवा अंबडच्या एमआयडीसीत सीमलेस पाइप, फ्लँज आणि ओ-रिंगचं काम चोख करणारे लेथवाले आहेत. जोडणी यंत्र अभियांत्रिकीच्या प्राध्यापकांच्या देखरेखीखालीच करा. बनलेली ड्रायव्हर कुपी वापराच्या कमाल दाबाच्या दीडपट दाबाला पाणी भरून तपासून घ्या, हवा भरून नव्हे. पाण्याच्या दाबाने तडा गेला तर गळतं, हवेच्या दाबाने गेला तर तुकडे उडतात. उडवताना कानाला मफ, डोळ्यांना चष्मा, आणि उघड्या तोंडासमोर कोणीही नाही.

खऱ्या स्फोटाची लहर एका क्षणात शिखराला जाते, मग घातांकी उतरते आणि शेवटी वातावरणाच्या दाबाखाली थोडी बुडते. या आकाराला फ्रीडलँडर वक्र म्हणतात. तुमच्या आलेखावर शिखर सपाट दिसलं तर ड्रायव्हर फार लांब आहे. तो आखूड केला की मागून येणारी विरळ लहर पुढच्या शिखराला गाठते आणि उतार मिळतो.

प्लेट नळीच्या आत, तोंडापासून मागे, लहरीला कडेने समांतर बसवा. तोंडाबाहेर ठेवलीत तर वायूचा झोत तिला झोडपतो. लहरीसमोर आडवी धरलीत तर लहर परावर्तित होऊन दाब वाढतो. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे, इथे हवेचा दाब ९४-९५ किलोपास्कलच्या आसपास असतो. त्या हवेत १०० किलोपास्कलची लहर सपाट भिंतीवर समोरून आदळली की भिंतीवर सुमारे २८० किलोपास्कल भरतात. 'आम्ही १०० दिले' असं लिहिणाऱ्याच्या पेशींनी प्रत्यक्षात २८० सोसलेले असू शकतात. म्हणून प्लेट कशी धरली होती आणि त्या दिवशी वातावरणाचा दाब किती होता, हे दोन्ही वहीत लिहा.

दाब मोजायला पिझोइलेक्ट्रिक सेन्सर लागतो, नळीच्या भिंतीशी समतल बसवलेला. नोंदणीचा वेग सेकंदाला दहा लाख नमुन्यांच्या जवळ असावा. हजारात नोंदवलं तर शिखर दोन नमुन्यांच्या मधेच निसटतं. सेन्सरच्या तोंडावर सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर द्या, नाहीतर गरम वायू लागून आलेख खोटा घसरतो. भिंतीवरचा सेन्सर पुरेसा नाही. पेशी नसलेल्या एका प्लेटच्या वेलमध्ये, मीडियमच्या आत, छोटा सेन्सर बसवून किमान पाच वेळा शॉक द्या. बाहेरचा आणि आतला आलेख जुळत नसेल तर पेशी अजून आणूच नका.

प्लेट चिमट्यात घट्ट आवळा. मोबाइलच्या स्लो-मोशनमध्ये २४० फ्रेमने चित्रण केलं तरी ती उचलली जाते का ते दिसतं. सुरुवात ५०, १०० आणि १५० किलोपास्कल अशा तीन पायऱ्यांनी करा.

ताणाचं मॉडेल वापरत असाल तर

पडद्याच्या फुगवट्याची उंची मोजली की सरासरी ताण काढता येतो. २५ मिलिमीटर व्यासाचा पडदा ४ मिलिमीटर फुगला तर सुमारे ७ टक्के, ६ फुगला तर सुमारे १५ टक्के, ८ फुगला तर २५ टक्के. हा ताण किती वेळात आला तेही महत्त्वाचं. १५ टक्के १० मिलिसेकंदांत आले तर वेग सेकंदाला १,५०० टक्के, तोच ताण एका सेकंदात सावकाश दिला तर पेशी सहज सोसतात. पडदा सिलिकॉनचा असल्याने पाणी झटकतो, त्यावर प्लाझ्मा उपचार आणि लायसिनचा थर नसेल तर फुगताना पेशी गालिच्यासारख्या गुंडाळून निघतात.

शॅम: प्रवाससुद्धा सारखा

शॅम म्हणजे ज्या प्लेटला लहर सोडून बाकी सगळं सारखंच मिळालं ती. काठोकाठ भरणं, फिल्म लावणं, कल्चर रूमपासून वर्कशॉपपर्यंत नेणं, चिमट्यात आवळणं, तेवढाच वेळ बाहेर ठेवणं, परत आणणं. डिसेंबरच्या सकाळी नाशिकचा पारा दहाच्या खाली जातो, आणि पत्र्याच्या शेडमध्ये उघडी ठेवलेली प्लेट काही मिनिटांत थंडगार होते. नुसत्या गारठ्यानेही तंतू आखडतात. ३७ अंशांच्या पाण्याच्या बाटल्या घातलेल्या थर्माकोलच्या खोक्यातून दोन्ही प्लेट एकत्र न्या. शिवाय कधीच न हललेली एक प्लेट इन्क्युबेटरमध्येच राहू द्या. शॅम आणि ही न हललेली प्लेट यांतच मोठा फरक दिसला तर दोष हाताळणीत आहे, आणि तो सुटेपर्यंत ट्यूब उडवण्यात अर्थ नाही.

काय, कधी मोजायचं

पहिल्या तासात पेशींच्या पडद्याला भोकं पडली का ते बघा. त्यासाठी फुटक्या पेशींतच शिरणारा रंग प्रोपिडियम आयोडाइड, १ ते ५ मायक्रोग्रॅम प्रति मिलि. रंग शॉकच्या आधी घातला तर क्षणभर उघडून मिटलेली भोकंही दिसतात. दहा मिनिटांनी घातला तर फक्त उघडी राहिलेली. दोन वेगळ्या वेलमध्ये दोन्ही करा. या दोन आकड्यांतला फरक म्हणजे स्वतःला सावरलेल्या पेशी, आणि सौम्य इजेत त्याच जास्त असतात.

चोवीस तासांनी एलडीएच, म्हणजे फाटलेल्या पेशींतून मीडियममध्ये गळणारं एन्झाइम. ५० मायक्रोलिटर मीडियम काढून ४९० नॅनोमीटरवर वाचायचं. काही वेल पूर्ण विरघळवून कमाल आकडा घ्यायचा आणि शॅमचा आकडा किमान मानायचा:

मृत्यूचं प्रमाण = (नमुना − शॅम) ÷ (कमाल − शॅम) × १००

सीरममध्ये स्वतःचं एलडीएच असतं, म्हणून १ टक्क्यापेक्षा जास्त सीरम नको. आणि लक्षात ठेवा, वेल ३.४ मिलिपर्यंत भरली होती. अर्ध्या मिलिच्या मानाने सगळं जवळजवळ सातपट पातळ झालेलं आहे. शॉकनंतर जास्तीचं मीडियम काढलंत तर ते फेकू नका, मोजा. पहिल्या काही मिनिटांत गळलेलं एन्झाइम त्यातच आहे.

एमटीटी (०.५ मिलिग्रॅम प्रति मिलि, तीन तास, ५७० नॅनोमीटर) चयापचय मोजतं, मृत्यू नव्हे. एमटीटी घसरलं आणि एलडीएच वाढलं नाही, तर पेशी थकल्या आहेत, मेलेल्या नाहीत. सौम्य स्फोट-इजेत हेच चित्र बरेचदा दिसतं.

एक महागडी चूक टाळा. डोक्याच्या इजेसाठी रक्तातल्या जीएफएपी आणि यूसीएच-एल१ या प्रथिनांच्या चाचणीला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये मान्यता दिली. ते वाचून अनेक जण जीएफएपीचं किट मागवतात. पण जीएफएपी ॲस्ट्रोसाइट या मेंदूतल्या आधारपेशींमधून येतं, एसएच-एसवाय५वायमध्ये ते शोधून उपयोग नाही. या पेशींसाठी यूसीएच-एल१ बघा, जीएफएपी हवं तर ॲस्ट्रोसाइट वाढवा.

शेवटी मोजदाद. एका दिवशी एका प्लेटच्या २४ वेल म्हणजे २४ प्रयोग नव्हेत, तो एकच प्रयोग आहे. वेगळा दिवस, वेगळा पॅसेज, नवा पडदा, नवी शॅम, तेव्हा दुसरा धरायचा. असे किमान तीन, जमल्यास पाच झाल्याशिवाय आलेखावर (फरक खरा असल्याची खूण म्हणून) तारका काढू नका. प्रत्येक शॉकचा दाब-आलेख त्या प्लेटच्या क्रमांकाने जतन करा. पडदा अर्धवट फाटला, शिखर २० टक्क्यांनी हुकलं, वेलमध्ये बुडबुड्याची टिकली दिसली, तर पेशींचा आकडा बघण्याआधीच ती प्लेट वगळायची, आणि का वगळली ते त्याच ओळीत लिहायचं.